फोटो काढलात? आता चित्र काढा!

मराठीची एक गंमत बघा. आपण फोटोही ‘काढतो’ आणि चित्रही ‘काढतो’. क्रियापद एकच! फरक इतकाच, की पहिल्याला एक सेकंद लागतो आणि दुसऱ्याला (माझ्या केसमध्ये) सात रविवार.

हो मंडळी, तुमची ही मैत्रीण सध्या ऑइल पेंटिंग शिकतेय. औरंगपुऱ्यात, एका दुकानावरच्या खोलीत. खाली भाजीमंडईत मेथीच्या जुडीवरून घासाघीस चाललेली असते आणि वर टर्पेंटाइनच्या वासात आम्ही आठ जण. एक बँकेतला, दोघं वाळूजच्या कंपनीतले, एक डेंटिस्ट. सगळ्यांची स्टोरी सेम. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिली, मग करिअरच्या नादात ब्रश सुटला तो सुटलाच.

क्लासचा नियम एकच. लँडस्केप काढायचं ते स्वतः काढलेल्या फोटोवरून. नेटवरचं स्वित्झर्लंड चालणार नाही. एकतर दुसऱ्याच्या फोटोवर हक्क त्याचा असतो. त्याला न विचारता त्यावरून चित्र काढून विकलंत, तर लफडं होऊ शकतं. पण सरांचं खरं कारण वेगळंय. ‘तिथे तू उभी नव्हतीस. मग फोटोत जे आलं नाही, ते कुठून आणशील?’

मला तेव्हा हे फार फिल्मी वाटलं होतं.

माझा प्लॅन तयार होता. पुढच्या महिन्यात आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. गिफ्ट काय, तर नाथसागराची संध्याकाळ, माझ्या हातची! आपल्या मराठवाड्याला समुद्र नाही, पण पैठणला जायकवाडी धरणामागे साधारण साडेतीनशे चौरस किलोमीटर पाणी पसरलंय. काठावर उभं राहिलं की समोरचा किनारा नावापुरता. सीस्केपची हौस भागवायला आणखी काय हवं? आणि आजीचं माहेर याच पाण्याखाली आहे. १९६५ मध्ये धरणाची पायाभरणी झाली, १९७६ मध्ये उद्‌घाटन. या मधल्या वर्षांत कित्येक गावं उठली, त्यातलंच ते एक. आमच्या घरी ‘आजीचं माहेर धरणात गेलं’ हे वाक्य ‘मामा पुण्याला गेला’ इतक्या सहज म्हणतात.

तर फोटो मोबाइलमध्ये होता. प्रिंट काढली, चौकटी आखल्या, कॅनव्हासवर उतरवलं आणि रंगवलं. चार रविवार. हुबेहूब! मी जाम खूश. सरांनी मान तिरकी केली. ‘वॉलपेपर झालाय. तिथली झाडं खरंच इतकी काळी होती?’

नव्हती. अजिबात नव्हती.

इथे कॅमेऱ्याचा फंडा समजून घ्या. संध्याकाळी आकाश लख्ख असतं आणि जमीन सावलीत. आपला डोळा दोन्हीकडे आलटून पालटून जुळवून घेतो. कॅमेऱ्याला एका क्लिकमध्ये दोन्ही नीट झेपत नाही. आकाश जपलं तर झाडं काळी, झाडं जपली तर आकाश पांढरंफटक. फोन हल्ली हे आपल्या परीने सुधारतो, पण सुधारताना आकाशाला भलताच निळा मेकअपही करतो. मी तो मेकअप इमानदारीत कॉपी केला होता.

कॅमेरा आणि ऑइल कलरची ही जोडी आपल्या जिल्ह्याला नवी नाही बरं का. मद्रास आर्मीतला रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या ऑइलमध्ये कॉपीज करत होता. वर्षानुवर्षं. पारोच्या गोष्टीमुळे तो आपल्याला माहीत असतो, पण त्याचं खरं दुखणं हे काम होतं. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथे मांडलेल्या त्याच्या जवळजवळ सगळ्या कॉपीज जळाल्या. मधल्या काळात तो कॅमेराही शिकला होता. त्याने काढलेल्या लेण्यांच्या फोटोंची पुस्तकं १८६४ मध्ये निघाली होती. ती उरली. पण तेव्हाचे फोटो एकरंगी. दगड दिसतो, आकार दिसतो. गिलने समोर उभं राहून पाहिलेला रंग मात्र कॅनव्हासबरोबर गेला.

आपल्याकडे रंगीत फोटो आहेत म्हणून आपण निर्धास्त. पण माझ्या झाडांचं काय झालं, ते तुम्ही पाहिलंच.

रडतखडत मी ते चित्र घरी नेलं. आजीने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, ‘पाणी झ्याक. पण ते टेकाड कुठंय गं?’

मी बोट ठेवलं. लांबच्या काठावर राखाडी ठिपका.

‘एवढुसं? अगं, आमचं गाव त्या टेकाडाच्या अल्याड. त्याच्यावरूनच तर मला कळतं, गाव कुठं होतं ते.’

माझी बोलती बंद. फोनची वाइड लेन्स जास्तीत जास्त दृश्य चौकटीत कोंबते आणि लांबच्या वस्तू पार बारीक करून टाकते. मला तो ठिपका वाटला, म्हणून मी तो ठिपक्यासारखाच रंगवला. आजीच्या गावाचा पत्ताच मी पुसून टाकला होता.

पुढच्या शनिवारी आजीला गाडीत घातलं आणि पुन्हा नाथसागर गाठला. या वेळी नीट तयारीनं. तुम्हीही करून बघा:

एकाच दृश्याचे तीन फोटो काढा. एकदा स्क्रीनवर आकाशाला टच करून, एकदा सावलीला आणि एकदा झूम करून, लांबचं लांब असलं तरी नीट दिसेल असा.

वहीत रंग शब्दांत लिहा. माझ्या वहीत आहे: ‘झाडं काळी नाहीत, वांग्याच्या सालीसारखी. पाणी काठाशी चहासारखं.’

घरी आल्यावर एक प्रिंट ब्लॅक अँड व्हाइट काढा. उजेड-अंधाराचं गणित त्यात पटकन कळतं.

पाण्याची रेघ आडवी म्हणजे आडवीच. जरा तिरकी झाली की अख्खा नाथसागर सांडतो! लाटा जवळ मोठ्या, लांब जाता जाता नुसत्या रेघा. गडद झाडाचं प्रतिबिंब झाडापेक्षा जरा उजळ ठेवा, उजळ आकाशाचं जरा गडद.

आणि रंगाचा नियम: खालचा थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्या थरांत तेल वाढवत न्यायचं. उलटं केलंत तर पुढे चित्राला भेगा. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती तापतात, पेटूही शकतात. आधी पाण्यात भिजवा. (गिलची आठवण ठेवा!)

काठावर आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग हात लांब करून दाखवत गेली. इथं मारुतीचं देऊळ, इथं विहीर, हितनं शाळेची वाट. मी फोटो काढला. त्यात फक्त पाणी आलं, अर्थात. पण तिने दाखवलेल्या जागा मी वहीत टेकाडाच्या हिशेबानं मांडून ठेवल्या.

नव्या कॅनव्हासवर टेकाड चांगलं अंगठ्याएवढं झालंय. त्याच्या अल्याडच्या पाण्यात मी बाकीच्यापेक्षा जरासा ऊबदार रंग टाकलाय. सांगितल्याशिवाय कुणाला कळणार नाही. रंगाचा थर आतपर्यंत वाळायला सहा महिने तरी लागतात, म्हणून व्हार्निश नंतर. गिफ्ट तसंच द्यायचं.

काल रात्री आजीने ते चोरून बघितलं. सकाळी चहा पिताना म्हणाली, ‘टेकाड बरोबर हाय. आता पाण्याचं बघ जरा.’

म्हणजे आठवा रविवार औरंगपुऱ्यात! तुमच्या फोनमध्ये पडलेल्या हजारो फोटोंपैकी कुठल्या जागी तुम्ही खरंच उभे होता? तो शोधा, आणि या वीकेंडला वही घेऊन पुन्हा तिथे जा. काय, निघताय ना?