'गौण' वाक्य खरंच गौण असतं का?

आठवीच्या वर्गात मिश्र वाक्य शिकवत होते. फळ्यावर वाक्य लिहिलं : 'बाई म्हणाल्या की उद्या परीक्षा आहे.' यातलं प्रधान वाक्य कोणतं? एका मुलीने लिहिलं, 'उद्या परीक्षा आहे.' मी फुली मारली. ती वही घेऊन आली नि म्हणाली, "बाई, यातलं महत्त्वाचं तर तेवढंच आहे ना!"

खरं सांगते, मी गडबडले. "पुस्तकात तसंच आहे," म्हणून वेळ मारून नेली. चूक तिची नव्हतीच. आदल्या तासाला मीच सांगितलं होतं, 'प्रधान म्हणजे महत्त्वाचं, गौण म्हणजे कमी महत्त्वाचं.'

शिक्षक मित्रहो, घोळ इथेच होतो. व्याकरणातले 'प्रधान' आणि 'गौण' हे शब्द वाक्याचं महत्त्व ठरवत नाहीत. कोणतं वाक्य कोणावर अवलंबून आहे, एवढंच सांगतात. 'बाई काय म्हणाल्या?' असं विचारून पाहा. उत्तर येतं, 'उद्या परीक्षा आहे.' म्हणजे हे अख्खं वाक्य नामाचं काम करतंय, म्हणून ते नामवाक्य, म्हणून गौण. बातमी मात्र त्यातच आहे. घरी जाऊन मूल आईला नुसतं 'बाई म्हणाल्या' एवढंच सांगेल का?

रूप आणि अर्थ यांची अशी फारकत इतरही ठिकाणी दिसते. ही वाक्यं पाहा :

१) पाऊस पडला म्हणून सहल रद्द झाली.
२) सहल रद्द झाली, कारण पाऊस पडला.
३) चांगले गुण मिळावेत म्हणून ती अभ्यास करते.

पहिल्या दोन वाक्यांचा अर्थ जवळजवळ एकच. तरी शालेय व्याकरणात पहिलं संयुक्त आणि दुसरं मिश्र. तिसऱ्यात पुन्हा 'म्हणून' आहे, पण इथे ते परिणाम नाही, उद्देश सांगतं. म्हणून वाक्य मिश्र. तेव्हा 'अव्यय बघा, प्रकार लिहा' ही गाइडमधली युक्ती इथे फसते.

पालकहो, आता घरातलं उदाहरण घ्या. 'त्या बरणीला हात लावलास तर बघ!' यातलं 'लावलास' हे रूप भूतकाळाचं, 'बघ' हे आज्ञार्थी. प्रत्यक्षात हात अजून लागलेला नाही आणि काही बघायलाही कोणी सांगत नाही. अर्थ एकच : हात लावू नकोस! लहान मुलालाही तो बरोबर कळतो. जे मूल बोलताना इतकं जाणतं, त्याला व्याकरणाच्या तासाला मात्र आपण गप्प बसवतो.

माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक वाक्याला दोन वेगळे प्रश्न विचारूया. वाक्याची जोडणी कशी आहे? आणि बोलणाऱ्याला सांगायचं काय आहे? परीक्षेत गुण पहिल्या प्रश्नाला मिळतात, हे खरं. पण दुसरा विचारलाच नाही, तर मुलं व्याकरण पाठ करतील, भाषा शिकणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीची वही मागून घेतली. फुली खोडली नाही, कारण विचारलं होतं त्याचं उत्तर चुकलंच होतं. शेजारी मात्र लिहिलं, 'अर्थ अगदी बरोबर ओळखलास. चुकीचं मी सांगितलं होतं.'