निंबोळी थांबत नाही!

जूनच्या शेवटी सिल्लोडमधल्या कुठल्याही मोठ्या कडुनिंबाखाली बघा, पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडलेला असतो. आपण तो तुडवत कॉलेजला जातो आणि ऑगस्टमध्ये वृक्षारोपणासाठी बाहेरून रोपं मागवतो. खड्डा, रोप, फोटो, स्टेटस. पुढच्या उन्हाळ्यात तिथे काय उरलं, हे बघायला कुणी जात नाही.

२०१९ च्या पावसाळ्यात राज्यात ३३ कोटी झाडं लावायचं उद्दिष्ट होतं. असे आकडे लावलेल्या रोपांचे असतात, जगलेल्या झाडांचे नाही. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे: कॉलेजांनी रोपं आणणं थांबवावं आणि ती बियांपासून स्वतः तयार करावीत.

सुरुवात कडुनिंबापासून करू. बी फुकट आहे, अट एकच: घाई! साधं साठवून ठेवलं तर दोन-तीन आठवड्यांतच या बियांची उगवण झपाट्याने घसरते. त्यामुळे 'अ‍ॅडमिशन संपू दे, मग एनएसएसवाले बघतील' हे इथे चालत नाही. पिकलेल्या निंबोळ्या गोळा करा, चोळून गर धुऊन टाका, बिया एक-दोन दिवस सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत भरलेली दुधाची पिशवीही चालते, फक्त तळाला भोकं पाडा. एक-दोन आठवड्यांत कोंब दिसू लागतात. पुढे पिशव्या अधूनमधून हलवायच्या, नाहीतर मूळ खालच्या जमिनीत शिरतं आणि उचलताना तुटतं. रोप लावायचं पुढच्या पावसाळ्यात.

'नर्सरीत तयार रोप मिळतं, मग एवढा खटाटोप कशाला?' असं कुणीही विचारेल. खटाटोप आहेच. दिवाळीच्या सुट्टीत आणि मे महिन्यात पाणी कोण घालणार, याच्या पाळ्या लावाव्या लागतील. पण ज्याने वर्षभर पाणी घातलं, तो ते रोप लावून विसरणार नाही.

शिवाय आपल्यातल्या अनेकांच्या घरी कापूस आहे आणि त्यावर पाच टक्के निंबोळी अर्क फवारतात. याच झाडाच्या तेलापासूनच्या बुरशीनाशकावर एका अमेरिकन कंपनीने आणि तिथल्या कृषी खात्याने युरोपात पेटंट मिळवलं होतं. भारतातल्या लोकांनीही त्याविरुद्ध लढा दिला, तेव्हा २००५ मध्ये ते कायमचं रद्द झालं. जगाने ज्यावर हक्क सांगितला, ते आपण चपलेखाली चिरडतोय, राव!

यंदा प्रत्येक वर्गाने फक्त पन्नास पिशव्या भराव्यात. फोटो पुढच्या जूनमध्ये काढू.