शिव्या पुरे, वही काढा

महापौरावर कुणी जहाल लेख लिहिला की आपला वाचक खूश होतो. 'काय सोलून काढलाय!' म्हणतो आणि चार जणांना वाचून दाखवतो. मला या कौतुकाचा संताप येतो. त्या लेखात असतं काय? टोपणनावं, अंगकाठीवरून टवाळी, दोन-तीन म्हणी. कंत्राट कुणाला गेलं, पैसा कुणाच्या सहीने सुटला, याबद्दल चकार शब्द नाही. ज्याच्यावर लिहिलं त्याची झोपही मोडत नाही. शिवीला उत्तर द्यावं लागत नाही. हिशेबाला द्यावं लागतं.

पत्रकार लिंकन स्टेफन्सने जानेवारी 1903 च्या 'मॅक्लुअर्स' मासिकात अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरावर लिहिलेला लेख या मंडळींनी एकदा वाचावा. डॉ. अल्बर्ट अलोन्झो एम्स हा तिथे चार वेळा महापौर झालेला माणूस. शेवटच्या खेपेला त्याने भावाला पोलीसप्रमुख केलं, एका जुन्या जुगाऱ्याला गुप्त पोलिसांचा मुख्य नेमलं आणि पोलीस खात्याला चोर-जुगाऱ्यांकडून हप्ते गोळा करायला जुंपलं. एवढा ऐवज हाती असता तर आमचा लेखक पहिल्याच ओळीत 'नराधम' लिहून मोकळा झाला असता. स्टेफन्स एम्सचे गुण सांगतो. देखणा, दिलदार, गरिबांना फी न घेता तपासणारा डॉक्टर! लेखाची खरी धार इथे आहे. वाचकाला एम्स आवडायला लागतो, आणि ज्यांनी त्याला हौसेने मतं दिली त्यांच्याच रांगेत आपण उभे आहोत हे त्याला उमगतं. राक्षस रंगवला असता तर वाचक सहीसलामत सुटला असता. राक्षसाला मत दिल्याचं कोण कबूल करतो?

मग येते वही. पत्त्यांच्या जुगारात गिऱ्हाइकांना लुबाडणाऱ्या टोळीने कुणाला किती दिले याची नोंद या वहीत ठेवली होती. स्टेफन्सने तिच्या पानांची छायाचित्रंच लेखासोबत छापली. त्या आकड्यांपुढे कुठलं विशेषण टिकेल?

लेखात खोट आहे, तीही सांगतो. एम्सची टोळी मोडणाऱ्या ज्युरीचा प्रमुख हॉवी क्लार्क याला स्टेफन्सने जवळजवळ तारणहार करून ठेवलं. खलनायक गेला, नायक आला, की वाचक पुन्हा निवांत. पण 1904 मध्ये हा लेख इतर लेखांसह पुस्तकरूपाने काढताना प्रस्तावनेत त्याने दोष थेट नागरिकांच्या पदरात घातला.

आमच्याकडे तर नेमच चुकतो. 1888 च्या कायद्याने मुंबई महापालिकेचा कार्यकारी अधिकार आयुक्ताच्या हाती दिला, आणि तो आयुक्त राज्य सरकार नेमतं. पैशाच्या नाड्या स्थायी समितीकडे. महापौराच्या वाट्याला मुख्यतः सभेचं अध्यक्षपद आणि मान. आमचे सडेतोड लेखक नेमके त्यालाच झोडपतात, कारण त्याचा चेहरा लोकांच्या ओळखीचा असतो आणि त्यासाठी एकही फाइल उघडावी लागत नाही. हा शुद्ध कामचुकारपणा आहे. 2005 पासून माहितीचा अधिकार आहे. अर्ज करून कागद मागता येतो.

यापुढे कुणी मला महापौरावरचा जळजळीत लेख वाचायला दिला तर मी शैलीबद्दल अवाक्षर काढणार नाही. निविदा कुणाची मंजूर झाली, स्थायी समितीत हात कुणी वर केला, बिलावर सही कुणाची, एवढंच विचारीन.