मदत कोणाच्या हाती?

आपल्या वसतिगृहात ज्याच्याकडे कोठाराची किल्ली असे, त्याला धान्य कोणाला दिले याचा हिशोब रोज द्यावा लागे. राष्ट्रे परराष्ट्रांच्या सैन्याला शस्त्रे आणि प्रशिक्षण देतात, तेव्हा असा हिशोब क्वचितच मागितला जातो.

अमेरिकेत सिनेटर पॅट्रिक लेही यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये एक कायदेशीर अट आली. हत्या, छळ, बलात्कार वा माणसे नाहीशी करणे असे गुन्हे केल्याची विश्वसनीय माहिती ज्या परकीय तुकडीविषयी असेल, तिला मदत देता येत नाही. तेथील सरकारने दोषींवर खरोखर कारवाई केली, तरच ती पुन्हा सुरू होते. शिक्षा सबंध देशाला नव्हे, तर त्या तुकडीला, हे या अटीचे मर्म आहे.

१३ डिसेंबर १९९८ रोजी कोलंबियातील सांतो दोमिंगो या खेड्यावर वायुदलाच्या हेलिकॉप्टरमधून बॉम्ब पडला. सतरा माणसे मेली, त्यांत सहा मुले होती. दोष बंडखोरांच्या माथी मारण्यात आला. संबंधित तुकडीची अमेरिकी मदत थांबली ती २००३ मध्ये. विलंब मोठा होता, परंतु नियम नसता तर तेवढेही घडले नसते. इजिप्तला मात्र वर्षाकाठी सुमारे १३० कोटी डॉलर लष्करी मदत मंजूर होत आली आहे. ती नेमकी कोणत्या तुकडीपर्यंत पोहोचते, याचाच माग लागत नसेल, तर अट लावायची कोणाला?

आपण याकडे परक्याचा प्रश्न म्हणून पाहू शकत नाही. डिसेंबर १९५४ मध्ये ज्या रंगूनला बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी गेले होते, त्याच देशाच्या सैन्याने २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना बांगलादेशात पळून जाण्यास भाग पाडले. ते सैन्य बहुसंख्येने बौद्ध आहे, हे आपण बौद्धांनीच आधी उच्चारले पाहिजे. त्यानंतर, २०२० मध्ये, भारताने म्यानमारच्या नौदलाला 'सिंधुवीर' ही पाणबुडी दिली. पाणबुडीने खेडी जळत नाहीत, हे मान्य. चीनच्या प्रभावाची चिंताही खोटी नाही. १ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याच सैन्याने निवडून आलेले सरकार उलथवले.

लेहींच्या अटीसारखा स्वतंत्र कायदा भारतात नाही. तो व्हावा, अशी मागणी आपल्या खासदाराकडे करण्यास कोणाची हरकत असू नये.