पांच तासांचें बंदर

आमच्या धुळ्यास समुद्र नाहीं. पांझरेस पूर आला म्हणजे जेवढें पाणी दिसतें तेवढ्यावरच येथील मुलांची जलयात्रा भागते. तथापि अलीकडे सुट्टींत मुंबईस जाऊन तेथून गोवें, कोची अथवा लक्षद्वीप येथें जहाजानें सहल करून येण्याची आवड आमच्या परिचयांतील सुशिक्षित कुटुंबांत बरीच वाढली आहे. या सहलीस आमचा विरोध नाहीं. चार दिवस समुद्राकडे पाहत स्वस्थ बसावें, आयतें जेवावें, मुलांनीं डेकवर धावावें, यांत गैर तें काय? वर्षभर राबणाऱ्या माणसाची ती हक्काची विश्रांति आहे. आमचा वाद आहे तो परत आल्यावर उच्चारल्या जाणाऱ्या एका वाक्याशीं. "आम्हीं कोची पाहिलें," हें तें वाक्य होय.

वाचकांनीं थोडा हिशेब करावा. जहाज सकाळीं धक्क्यास लागतें आणि संध्याकाळीं सुटतें. उतरणाऱ्यांची रांग, ओळखपत्रांची तपासणी, गाड्यांत बसण्याची गडबड यांत तासभर सहज जातो. जहाज कोणासाठीं थांबत नसल्यानें सुटण्याच्या बऱ्याच आधीं परतावें लागतें. उरलेल्या पांचएक तासांतून रस्ता, जेवण आणि खरेदी वजा केली म्हणजे एका पुरातन नगराच्या वांट्यास फार तर दोन तास येतात. तीन तासांची प्रश्नपत्रिका सोडवून आलेल्या विद्यार्थ्यास आम्ही त्या विषयाचा पंडित म्हणत नाहीं. मग दोन तासांत नगर पाहिल्याचा दाखला स्वतःस कसा देतों?

लोकांस ब्रह्मज्ञान सांगून स्वतः कोरडे पाषाण राहण्याचा आमचा हेतु नाहीं. म्हणून आमचीच फजिती प्रथम सांगतों. दोन वर्षांपूर्वीं आम्ही सहकुटुंब अशाच एका जहाजानें कोचीस गेलों. किनाऱ्यावरचीं चिनी जाळीं पाहिलीं. १५२४ सालीं वास्को द गामा यास जेथें प्रथम पुरलें तें चर्च पाहिलें. मट्टनचेरींतील १५६८ सालचें यहुद्यांचें प्रार्थनामंदिर पाहिलें. वेलची व मिरीं घेतलीं आणि वेळेवर जहाज गांठलें. घरीं आल्यावर येथील एका वाचनालयांत आम्हीं या प्रवासावर तासभर व्याख्यान दिलें. टाळ्या झाल्या. मग मागच्या रांगेंतून एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक उठले आणि नम्रपणें म्हणाले, "सर, गोव्याहून तिकडे गेलेलीं कोंकणी कुटुंबें कोठें राहतात हो? त्यांची बोली आपल्याला समजते का?"

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. पोर्तुगीज अमलाच्या जाचामुळें सोळाव्या शतकांत गोवें सोडून गेलेल्या त्या लोकांचें तिरुमल देवाचें मोठें देवालय त्याच मट्टनचेरींत आहे. ज्या भागांत आम्ही वेलचीचा भाव करीत होतों त्याच भागांत तें उभें होतें. अधिक लज्जेची गोष्ट ही कीं, हा विषय आम्हांस सर्वथा अपरिचित नव्हता. मलबारच्या वनस्पतींवरील 'होर्तुस मलबारिकुस' या डच ग्रंथाचा पहिला खंड १६७८ सालीं ॲमस्टरडॅम येथें निघाला. त्यांत रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोचीच्या तीन कोंकणी वैद्यांचें १६७५ सालचें निवेदन नागरी अक्षरांत छापलेलें आहे. हें आम्हीं तरुणपणीं वाचलें होतें. आमची लिपि इतक्या लवकर यूरोपांत छापली गेली ती ज्यांच्यामुळें, त्यांच्या गांवीं आम्ही पोहोंचलों आणि घड्याळाकडे पाहत परतलों! गोव्यांतही तेंच झालें. जुन्या गोव्याचीं चर्चें झालीं, बाजार झाला. परंतु फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचें मराठी ओवींतील ख्रिस्तपुराण १६१६ सालीं जेथें छापलें गेलें तें राचोल कोणत्या दिशेस आहे, हें गाडींतील एकानेंही विचारलें नाहीं. मार्गदर्शकास आम्ही दोष देणार नाहीं. ज्यास कोणी प्रश्न विचारीत नाहीं त्यानें उत्तरें कोठवर बाळगावींत?

यावर कित्येक म्हणतील, "सर्वांस कोठें एवढी सवड? न पाहण्यापेक्षां थोडें पाहिलेलें बरें." हा आक्षेप आम्ही हलका लेखीत नाहीं. ज्यांस जिने चढवत नाहींत, रोज नवें बिऱ्हाड करवत नाहीं, अशा वृद्धांस जहाज ही मोठीच सोय आहे. आमच्या सौभाग्यवतींच्या गुडघ्यांमुळेंच आम्हीही तिचा आश्रय केला. परंतु थोडें पाहणें हा अपराधच नव्हे. थोड्यास पुष्कळ म्हणणें हा अपराध आहे. अज्ञानी मनुष्य एखादे दिवशीं चौकशी तरी करील. 'पाहून झालें' असें ज्यानें ठरविलें त्याची चौकशी कायमची संपली. मुलांवर तर याचा परिणाम फारच वाईट होतो. दहाव्या वर्षीं तीन बंदरें 'पाहून झालेला' मुलगा पुढें त्या बंदरांविषयींचें पुस्तक उघडील कशाला?

पूर्वींचे यात्रेकरू आपणांहून अधिक शिकलेले नव्हते. परंतु त्र्यंबकेश्वरास किंवा नाशिकास गेले म्हणजे ते उपाध्यायाच्या घरीं उतरत, मुक्काम करीत, आणि त्याच्या वहींत आजा-पणजाचें नांव शोधून त्याखालीं आपलें लिहवीत. गांव त्यांस ओळखी आणि ते गांवास. आज आपलें नांव जहाजाच्या यादींत असतें. बंदरास आपण केवळ एक आंकडा असतों.

हा आंकडा डोईजड झाला म्हणजे काय होतें हें जगानें पाहिलेंच आहे. व्हेनिसच्या मुख्य जलमार्गांतून पंचवीस हजार टनांवरील जहाजांस २०२१ च्या ऑगस्टपासून मज्जाव झाला. अमेरिकेंतील मेन राज्याच्या बार हार्बर या लहानशा गांवीं २०२२ सालीं मतदारांनीं जहाजांवरून उतरणाऱ्यांची संख्या दिवसास एक हजार ठरवून टाकली. जेवण जहाजावर, झोंप जहाजावर, आणि गांवांत केवळ गर्दी, असा पाहुणा कोणास हवासा वाटेल? आपल्या बंदरांवर ती पाळी आलेली नाहीं, एवढ्यावर निर्धास्त राहणें शहाणपणाचें नव्हे.

परंतु व्हेनिसपर्यंत जावयास नको. धुळेंकरांनीं आपल्याच दाराशीं पाहावें. आमचें शहरही एक बंदरच आहे. मुंबई–आग्रा रस्ता आणि सुरतेहून नागपुराकडे जाणारा रस्ता येथें एकमेकांस छेदतात. रोज हजारों प्रवासी येथें चहापुरते उतरतात आणि पुढें जातात. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १९२६ सालीं याच शहरांत देह ठेवला. पुढच्याच वर्षीं त्यांच्या नांवें संशोधन मंडळ निघालें. शंकरराव देवांनीं गांवोगांव हिंडून मिळविलेलीं समर्थ संप्रदायाचीं हस्तलिखितें येथील वाग्देवता मंदिरांत आहेत. १९३२ सालीं येथील तुरुंगांत विनोबांनीं गीतेवर प्रवचनें केलीं आणि साने गुरुजींनीं तीं लिहून घेतलीं. आतां हमरस्त्यावर चहा घेऊन गेलेला कोणी मनुष्य इंदुरास जाऊन सांगूं लागला कीं, "धुळें पाहिलें; धूळ आहे, दुसरें कांहीं नाहीं," तर आम्हांस राग येईल कीं नाहीं? येईल, आणि तो योग्यच असेल. मग कोचीकरांनीं आमच्या व्याख्यानास काय म्हणावें?

तेव्हां आमचें म्हणणें एवढेंच. जहाजानें खुशाल जावें. परंतु बंदरावर उतरण्यापूर्वीं त्या गांवाविषयीं एखादें पुस्तक घरांतील सर्वांनीं वाचावें. पांच तासांत पांच स्थळांऐवजीं एकच निवडावें व तेथील एखाद्या माणसाशीं खरेदीखेरीज चार शब्द बोलावें. तें गांव मनांत भरलेंच तर पुढच्या वर्षीं आगगाडीनें जाऊन तेथें आठवडाभर राहावें. आणि परत आल्यावर कोणी विचारलें तर "कोची पाहिलें" असें न म्हणतां "कोचीस उतरलों होतों" असें सांगावें.

त्या वृद्ध शिक्षकांस आम्हीं पुढें घरीं जाऊन हेंच सांगितलें. त्यांनीं स्वतः कोची नकाशाबाहेर कधींही पाहिलेलें नाहीं. ते केवळ हंसले आणि म्हणाले, "मग सर, पुन्हां जाल तेव्हां माझा प्रश्न बरोबर न्या." तो आम्हीं वहींत लिहून ठेवला आहे.