स्लाईडवरचा उंदीर आणि मेसमधल्या मावशी

सध्या हॉस्टेलमध्ये सबमिशनपेक्षा जास्त चर्चा एका ज्यूसची आहे. पासआउट झालेले एक सिनिअर रविवारी कॉमन रूममध्ये येतात, स्लाईड दाखवतात आणि ‘फक्त दोन माणसं जोडा’ म्हणतात. नोनीचा ज्यूस, बाटली दीड हजाराची! त्या चेनच्या गणितावर नंतर कधीतरी. मला बोलायचंय ते स्लाईडवरच्या उंदराबद्दल. त्याच्याखाली लिहिलंय, ‘प्राण्यांवरील प्रयोगांत सिद्ध’.

नोनी म्हणजे आपली बारतोंडीच. पिकलेल्या फळाचा वास ज्याने घेतलाय तो ते विसरणार नाही. ताहितीचं नाव लागलं की भाव वाढतो, एवढंच.

प्रयोग खोटा नाही, हे आधीच सांगतो. हवाई विद्यापीठातल्या हिराझुमी आणि फुरुसावा यांनी १९९० च्या दशकात उंदरांच्या पोटात कॅन्सरच्या पेशी सोडल्या. नोनीचा रस दिलेले उंदीर जास्त दिवस जगले. पण रस दिला कसा? सुईने, थेट पोटाच्या पोकळीत, म्हणजे जिथे कॅन्सर तिथेच! आपण पितो तोंडाने. मग जठर, आतडं, लिव्हर ही सगळी चेकपोस्टं लागतात. स्लाईडवर सुई कुठेच नव्हती.

दुसरी गोष्ट डोसची. सिव्हिलवाल्यांना विचारा. खडकवासल्याच्या सीडब्ल्यूपीआरएसमध्ये धरणांची मॉडेल्स करतात. १:५० च्या मॉडेलमधला विसर्ग कुणी ५० ने गुणत नाही. ५० चा अडीचावा घात घेतात, म्हणजे जवळजवळ १७,७०० पट. उंदीर हेही एक मॉडेलच, आणि त्यालाही स्केलिंग लागतं. अमेरिकेच्या एफडीएच्या २००५ च्या सूचनांप्रमाणे उंदराचा किलोमागचा डोस माणसासाठी साधारण १२ ने भागतात. समजा, उंदराला किलोमागे ५०० मिलिग्रॅम अर्क दिला, तर ६० किलोच्या माणसाला रोज अडीच ग्रॅम. तोही सुरक्षित सुरुवात कुठून करायची हे ठरवण्यासाठी. गुण येईलच असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. शिवाय हा अर्क झाला, रस नव्हे. बाटलीत अर्क किती, ते लेबलवर शोधून दाखवा.

आणि उंदीर क जीवनसत्त्व स्वतःच्या लिव्हरमध्ये बनवतो. आपल्याला ते जमत नाही, म्हणून तर आपण पेरू-आवळा खातो. तेव्हा त्याचा अँटिऑक्सिडंटचा ताळेबंद आपल्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

‘पण अँटिऑक्सिडंटने नुकसान तर नाही ना?’ असं रूममेट म्हणाला. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली होती. ज्यांना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन दिलं, त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. निकाल १९९४ चा आहे. (टेरेसवर जाणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

हे सगळं लिहिण्याचं खरं कारण मात्र वेगळं आहे. आपल्या मेसमधल्या मावशींचे यजमान डायलिसिसवर आहेत. त्यांनाही कुणीतरी ही बाटली विकली, ‘किडनी साफ होते’ म्हणून. नोनीच्या रसात पोटॅशियम जवळपास संत्र्याच्या रसाइतकं असतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २००० साली एका किडनीच्या पेशंटची केस छापली होती: पथ्य सांभाळूनही पोटॅशियम वाढलेलंच, आणि मूळ निघालं नोनीच्या ज्यूसमध्ये. पोटॅशियम फार वाढलं की हृदय बंद पडू शकतं. डायलिसिसच्या पेशंटला डॉक्टर शहाळंसुद्धा पिऊ देत नाहीत, आणि आपण त्यांना ज्यूस विकतोय?

येत्या रविवारी सिनिअर पुन्हा येणार आहेत. वायवाला आपल्याला विचारतात तसं त्यांना विचारा: रस तोंडाने दिला की सुईने? डोस किती? कंट्रोल गटाला काय दिलं? आणि मावशींना ज्याने बाटली विकली, त्याने ती परत घेऊन दीड हजार रुपये मेसमध्ये आणून द्यावेत. नाव विचारणार नाही.