पोवळ्याची शुश्रूषा

सराफाच्या पेढीवर पोवळे म्हणजे लाल मणी. त्याची पारख करावी, वजन करावे आणि अंगठीत बसवावे, इतकाच त्याच्याशी संबंध. तो मणी एका सजीव वसाहतीचा सांगाडा होता, हे क्वचितच कोणाच्या ध्यानात येते. प्रवाळ ही वनस्पती नव्हे आणि दगडही नव्हे. मुखाभोवती स्पर्शिका असलेल्या असंख्य चिमुकल्या प्राण्यांचे ते सामाईक घर होय. उष्ण समुद्रातील खडक रचणाऱ्या प्रवाळांच्या देहात एकपेशीय शैवाल वास करते, प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. प्रवाळाची तपकिरी छटा याच भाडेकरूची. (भूमध्य समुद्रातील दागिन्यांचे लाल पोवळे मात्र या शैवालाविना जगते, त्याचा रंग सांगाड्यातच असतो.)

परदेशांतील अनेक घरांत असे जिवंत प्रवाळ खाऱ्या पाण्याच्या काचटाकीत पाळले जातात. भारतात खडक रचणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ज्या अनुसूचीत वाघ, त्याच अनुसूचीत प्रवाळ. त्यामुळे समुद्रातून उचलून आणलेले प्रवाळ घरी ठेवण्याचा विचारही येथे करू नये.

अशा टाकीतील एखादे प्रवाळ एके सकाळी मिटलेले आणि पांढुरके दिसू लागते. पालक घाबरतो, दुकानातून दोन-तीन बाटल्या आणतो, प्रवाळाची जागा बदलतो, निम्मे पाणी उपसतो. हे सर्व एकाच दिवशी घडले, तर दुखणे बरे होण्याऐवजी बळावते. आधी पाहावे ते एवढेच, की पांढरेपणा कोणता आहे. सांगाड्यावर पातळ, पारदर्शक त्वचा शाबूत असेल, तर शैवाल निघून गेले आहे, प्राणी जिवंत आहे. तो उपाशी आहे, इतकेच. त्वचाच सुटून हाड उघडे पडत असेल, तर प्रकरण गंभीर होय.

कारण बहुधा पाण्यात किंवा दिव्यात सापडते. तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस असावे. हीटर अडकून पाणी रात्रभर तापत राहिल्याची उदाहरणे पुष्कळ. खारटपणा मोजणारे उपकरणच चुकत असल्यास सारे निदान फसते, म्हणून ते आधी प्रमाणित द्रावणाने पडताळावे. अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच आणि कॅल्शियम लिटरला सुमारे ४२० मिलिग्रॅम असणे चांगले. परंतु त्या आकड्यांहून त्यांचे स्थैर्य अधिक मोलाचे. घसरलेली अल्कलिनिटी एका दिवसात वर खेचणे हा प्रवाळाला दुसरा धक्काच ठरतो. ती दिवसाला अर्धा डीकेएच या बेताने वाढवावी. पाणी बदलायचे ते दहावा हिस्सा, त्याच तापमानाचे आणि त्याच खारटपणाचे. माशांच्या औषधातील तांबे या टाकीत चुकूनही पडू देऊ नये, कारण ते प्रवाळाला विष आहे.

नवा तेजस्वी एलईडी दिवा हे दुसरे नेहमीचे कारण. शैवाल गमावलेल्या देहाला प्रखर उजेड सोसत नाही. म्हणून दिव्याची तीव्रता निम्म्यावर आणावी आणि पुढे आठवड्यागणिक थोडी थोडी वाढवावी. प्रवाह मध्यम व आलटून-पालटून हवा. पंपाचा झोत सरळ अंगावर नको.

शैवालावाचून राहिलेल्या प्रवाळाला अन्न पुरवावे लागते, आणि येथे जैन कुटुंबाला अडखळणे भाग आहे. दिवे मालवल्यावर स्पर्शिका बाहेर आल्या की त्यांना जे भरवले जाते, ते बहुधा गोठवलेले सूक्ष्म कवचधारी जीवच असतात. अमायनो आम्लांची द्रावणे मिळतात. परंतु मोठ्या मुखाच्या प्रवाळांचे तेवढ्यावर भागेलच असे नाही. परदेशी असलेल्या मुलाने अशी टाकी मांडण्याची इच्छा दाखवली, तर ही गोष्ट खरेदीनंतर नव्हे, आधीच बोलून घ्यावी. आणलेल्या प्राण्याला मग तत्त्वासाठी उपाशी ठेवणे हीही हिंसाच.

सुधारणेला आठवडे लागतात, कधी महिने. त्या काळात प्रवाळ हलवू नये, बोटाने चाचपू नये. रोज त्याच वेळी तापमान व खारटपणा यांची नोंद वहीत करावी. रंग एकाएकी परतत नाही. आधी दुपारच्या वेळी स्पर्शिका थोड्या अधिक फुलतात, आणि मग पारदर्शक त्वचेवर चहाच्या डागासारखी फिकी तपकिरी झाक दिसू लागते.